एकाच जागेची यादी

स्त्रियांच्या फोटोबुकांची, म्हणजे छायाचित्रांच्या क्रमातून घडणाऱ्या पुस्तकांची, वेगळी यादी करावी का, त्यांच्यासाठी वेगळी प्रकाशनं, वेगळी पारितोषिकं असावीत का, हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन अडतो. एक बाजू म्हणते, चित्र चांगलं की वाईट एवढंच बघा, कॅमेरा बाईच्या हातात होता की पुरुषाच्या हे कशाला विचारता? दुसरी बाजू म्हणते, इतकी वर्षं अन्याय झाला, आता भरपाई करा. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत. तरी वाद भलत्याच जागी चालला आहे असं मला वाटतं, कारण दोघंही बोलतात ते छायाचित्रांबद्दल. पुस्तकाबद्दल कुणी बोलतच नाही. वेगळी यादी हवी आणि वेगळी प्रकाशनंही हवीत, असं माझं मत आहे, पण ते भरपाईच्या हिशेबातून आलेलं नाही. छापखान्यातून बाहेर पडलं म्हणून पुस्तक लोकांपर्यंत पोचत नाही. ते कुणीतरी पुन्हा पुन्हा उघडून दाखवावं लागतं, जपावं लागतं, फाटलं तर चिकटवावं लागतं, पुढच्या माणसाच्या हातात द्यावं लागतं. ही स्वतंत्र मेहनत आहे, आणि स्त्रियांच्या पुस्तकांच्या वाट्याला ती फार कमी आली. हे मला जिच्यामुळे कळलं त्या मैत्रिणीने आयुष्यात एकही पुस्तक काढलं नाही. ती सिनेमे दाखवायची.

आधी फिल्म सोसायटीतला १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, नंतर चित्रपटगृहाच्या केबिनमधली ३५ मिलिमीटरची दोन यंत्रं. २००० फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. म्हणजे एका सिनेमाची पाच-सहा-सात रिळं, आणि दर वीस मिनिटांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायचं. त्यासाठी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो. तो दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्याच क्षणी चेंजओव्हर. खाली बसलेल्या कुणाला काही कळता कामा नये. खेळाआधी ती प्रत्येक रीळ रिवाइंडरवर घेऊन सावकाश फिरवायची आणि फिल्मची कड अंगठा आणि तर्जनीमधून जाऊ द्यायची. कुठे भोक फाटलंय, कुठे जोड सुटतोय, हे तिला डोळ्यांआधी बोटांना कळायचं. प्रिंट अनेक केबिनांतून फिरून आलेली असायची, रिळांची टोकं झिजून कापली गेलेली असायची, आणि त्यांच्याबरोबर ते ठिपकेही गेलेले असायचे. अशा वेळी ती एक वही काढायची. ‘रीळ ४. ठिपके नाहीत. बाई खिडकी लावते – मोटर. कठड्यावर हात – बदल.’ एवढंच. तिने पाहिलेला, नव्हे, दाखवलेला प्रत्येक सिनेमा त्या वहीत अशा जोडीजोडीने उतरलेला आहे. ती जाऊन आता दोन वर्षं होतील. वही माझ्याकडे आहे.

मी फोटोबुकांची मांडणी करते. एकदा एका छायाचित्रकार मैत्रिणीच्या पुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुनाप्रत, माझ्या टेबलावर आठवडाभर अडून बसली होती. तिसऱ्या फर्म्यात, म्हणजे एकत्र शिवायच्या पानांच्या तिसऱ्या गठ्ठ्यात, काहीतरी चुकत होतं आणि आम्हा दोघींनाही ते सापडत नव्हतं. रिकामी खाट, मग लांब बोळ, मग पाठमोरी बाई, मग पाण्याने भरलेली बेसिन. एकेक चित्र सुरेख होतं. प्रोजेक्शनवाली मैत्रीण दुसऱ्याच कामाला आली होती. उभ्याउभ्याच तिने डमी चाळली, मग परत पहिल्यापासून, या वेळी हळू. म्हणाली, “इथे चेंजओव्हर उशिरा झालाय.” आम्ही विचारलं, म्हणजे? तिने पाठमोऱ्या बाईच्या चित्रावर बोट ठेवलं. “हे सुंदर आहे म्हणून तुम्ही ठेवलंत. पण ही बाई गेली हे मला बोळातच कळलं होतं.” ते चित्र आम्ही काढलं. सबंध डमीतलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, आणि ते निघाल्यावर पुस्तक चालायला लागलं.

त्या दिवशी तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली. प्रोजेक्टरमध्ये दर सेकंदाला २४ चित्रं पुढे सरकतात, आणि चित्र सरकत असताना शटर प्रकाश अडवतं. त्यामुळे सिनेमा चालू असताना पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळा असतो. आपल्याला तो अंधार दिसत नाही, पण तो नसता तर चित्रांचा चिखल झाला असता. फोटोबुकातही असंच असतं. दोन चित्रांमध्ये पान उलटण्याचा एक क्षण असतो, आणि सिनेमात जे काम यंत्र करतं ते इथे वाचकाच्या हाताने होतं. पान किती जड आहे, समोरचं पान कोरं सोडलंय का, चित्र कडेपर्यंत छापलंय की भोवती पांढरी जागा आहे, यावर तो क्षण लहानमोठा होतो. ‘चित्र चांगलं की वाईट एवढंच बघा’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद माझ्या दृष्टीने पहिला घसरतो तो इथे. चांगल्या चित्रांचं वाईट पुस्तक होतं. साध्या चित्रांचं थोर पुस्तक होतं. फोटोबुक पारखायचं तर ते हातात घेऊन पानापानाने उलटावं लागतं, आणि जे पुस्तक कुणाच्या हाताशीच आलं नाही ते पारखणार कसं?

या प्रश्नाचा इतिहास फोटोबुकाच्या पहिल्या पानापासून सुरू होतो. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी ब्रिटनमधल्या समुद्री शैवालांच्या निळ्या छापांचं पुस्तक ऑक्टोबर १८४३मध्ये काढायला सुरुवात केली आणि दहा वर्षं, १८५३पर्यंत, ते भागाभागाने पुरं केलं. कॅमेरा नाही. सायनोटाइपचं, म्हणजे उन्हात निळा छाप उमटवणारं, रसायन लावलेला कागद, त्यावर वाळवलेलं शैवाल, वर काच, मग ऊन, मग पाणी. पूर्ण संचात चारशेच्या आसपास पानं, आणि प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक पान पुन्हा पहिल्यापासून उन्हात धरलेलं. मजकूरही छापखान्यात जुळवलेला नाही, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून त्याचाही निळा छाप काढलेला. छायाचित्रणाच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’चा पहिला भाग त्यानंतर, १८४४च्या जूनमध्ये आला. तो व्यावसायिक प्रकाशकाने काढला होता. अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक त्यांनी स्वतः ओळखीच्या शास्त्रज्ञांना आणि संस्थांना वाटलं, भाग जमतील तसे ज्याचे त्याने बांधून घ्यायचे. प्रस्तावनेखाली नुसती आद्याक्षरं होती, ए. ए. पुढच्या पिढीतल्या एका वाचकाने त्यांचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला. इंग्रजीत त्या शब्दांची आद्याक्षरंही तीच. कोणताही द्वेष नसताना, निव्वळ अंदाजाने, पहिल्या फोटोबुकाच्या कर्तीचं नाव पुसलं गेलं. लॅरी शाफ यांनी संशोधन करून १९८५मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढलं, तेव्हा कुठे ते नाव ठळक झालं. मधल्या जवळजवळ दीड शतकात त्या निळ्या छापांची गुणवत्ता तीळभरही कमी झाली नव्हती. ते उघडून दाखवणारं कुणी नव्हतं, एवढंच.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा घेते, आणि तो खरोखर भारी आहे. वेगळी यादी केली की ‘स्त्री’ हे विशेषण कर्तीच्या आधी चालायला लागतं. तिच्या पुस्तकाशी कुणी भांडत नाही, त्याला कुणी नीट नावं ठेवत नाही, ‘स्त्रियांच्या छायाचित्रणात महत्त्वाचं’ एवढं म्हणून ते बाजूला ठेवलं जातं. जपानमध्ये हे घडलं. १९९०च्या दशकात तरुण छायाचित्रकार स्त्रियांची एक लाट आली. स्वतःची खोली, स्वतःचं शरीर, घरचे, मैत्रिणी, असं त्यांच्या चित्रांतलं जग होतं. समीक्षेने त्या सगळ्यांना मिळून ‘मुलींची छायाचित्रं’ असं नाव दिलं. २००० सालचं किमुरा इहेई पारितोषिक हिरोमिक्स, नागाशिमा युरिए आणि निनागावा मिका या तिघींना एकत्र दिलं गेलं. तिघींच्या कामात फारसं काहीच सारखं नाही. सन्मान मोठा होता, पण तिघींना मिळून एक, हेही खरं. नागाशिमा यांनी पुढे २०२०मध्ये या नावाविरुद्ध एक सबंध पुस्तक लिहिलं. स्वतः त्या प्रवाहातली मानली गेलेली बाई जेव्हा म्हणते की या कप्प्याने आमचं नुकसान केलं, तेव्हा माझ्यासारखीने गप्प बसून ऐकायला हवं.

मी ऐकलं, आणि तरीही यादीच्या बाजूने आहे. नागाशिमा यांची तक्रार नीट वाचली तर ती कशाबद्दल आहे? बाहेरच्या माणसाने अनेकींना मिळून एक चेहरा दिला, याबद्दल. यादी चांगली केली तर ती याच्या बरोबर उलट काम करते. न्यूयॉर्कच्या ‘टेन बाय टेन फोटोबुक्स’ या संस्थेने २०१८मध्ये स्त्रियांच्या एकविसाव्या शतकातल्या फोटोबुकांचा एक खंड काढला आणि २०२१मध्ये १८४३ ते १९९९ या काळाचा दुसरा. त्या खंडांत ‘स्त्रियांची नजर’ असला एकच रस काढून ठेवलेला नाही. एकेक पुस्तक उघडून ठेवलं आहे, कधीचं, कुणी काढलं, आतली पानं कशी दिसतात. एका पुस्तकाशेजारी दुसरं आलं की त्यांच्यातला फरक दिसतो. एकटीच बाई समोर असली तर ती बाई म्हणूनच दिसते. शंभर जणी समोर असल्या की प्रत्येकीचं निराळेपण डोळ्यात भरतं. कप्पा करून आत कोंबणं आणि कपाट उघडून मांडणं या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसत असतील, त्यांनी होणारं काम मात्र वेगळं आहे.

आणि वेगळी यादी नकोच म्हणणारे एक गोष्ट विसरतात. वेगळी यादी आधीपासूनच आहे. ज्या डमीबद्दल वर सांगितलं ती घेऊन आम्ही एका प्रकाशन संस्थेकडे गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी ती मन लावून बघितली, बांधणीबद्दल दोन चांगल्या सूचनाही केल्या, आणि मग सहज म्हणाले, “पण यंदा आमचं एका बाईंचं पुस्तक झालंय.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. वर्षाला एका पुरुषाचं पुस्तक झालं की पुरे, असं कोणताही प्रकाशक म्हणत नाही, कारण ते वाक्य कुणाच्या मनातच येत नाही. म्हणजे बायकांची यादी त्यांच्याकडेही होतीच. ती लिहिलेली नव्हती आणि तिच्यात जागा एक होती. उघडपणे केलेली, छापलेली, चुका दाखवता येतील अशी यादी आणि कुणाच्या तरी डोक्यातली एकाच जागेची यादी, यांतली कोणती बरी? पहिलीवर निदान भांडता तरी येतं.

‘काळ निवड करतोच, चांगलं असेल ते आपोआप वर येतं,’ हे दुसरं नेहमीचं वाक्य. त्याला पुरावा म्हणून हल्ली व्हिव्हियन मायर यांचं नाव घेतलं जातं. आयुष्यभर मुलं सांभाळण्याची नोकरी केली, लाखाच्या वर निगेटिव्ह मागे ठेवल्या, आणि बघा, शेवटी जगाने ओळखलंच ना! पण कसं ओळखलं? भाडं थकल्यामुळे त्यांच्या सामानाचा २००७मध्ये लिलाव झाला आणि खोकी घेणाऱ्यांपैकी काहींना आत काय आहे याचं कुतूहल वाटलं. मायर २००९मध्ये वारल्या. त्यांच्या छायाचित्रांची पुस्तकं निघाली ती त्यानंतर. कोणतं चित्र घ्यायचं, कशानंतर काय ठेवायचं, यातलं काहीही त्यांनी ठरवलेलं नाही. ही काळाने केलेली निवड असेल तर काळ हा फार बेभरवशाचा ग्रंथपाल आहे. ज्यांची खोकी लिलावापर्यंत न पोचता रद्दीत गेली, त्यांची चित्रं वाईट होती असं आपण कशाच्या आधारावर म्हणणार? वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रं त्यांच्या पतीच्या नावाने छापली गेली. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळातलं भारताचं राजकीय जीवन ज्या मोजक्या कॅमेऱ्यांमुळे आज डोळ्यांसमोर उभं राहतं, त्यांतला एक त्यांचा होता. १९७०मध्ये त्यांनी काम थांबवलं. सबीना गडिहोक यांनी त्यांच्यावरचं पुस्तक सिद्ध केलं २००६मध्ये, तेव्हा व्यारावाला नव्वदी ओलांडलेल्या होत्या. ते पुस्तक काळाने काढलं नाही. एका अभ्यासक बाईने एका म्हाताऱ्या बाईसमोर बसून, एकेक चित्र पुढे ठेवून, काढलं.

सिनेमाचा इतिहासही काही वेगळं सांगत नाही. आलिस गी यांनी १८९६पासून सिनेमे केले, ते शेकड्यांनी मोजावेत इतके. पहिल्या इतिहासकारांनी त्यांचं काम दुसऱ्यांच्या नावावर टाकलं किंवा गाळलंच, आणि उतारवयात ही बाई स्वतःच्याच सिनेमांच्या प्रती शोधत फिरली. १९६८मध्ये त्या गेल्या. त्यांचं आत्मकथन छापून आलं १९७६मध्ये. माझी मैत्रीण हे सांगताना प्रत्येक वेळी थोडी चिडायची. तिचं म्हणणं होतं की डब्यात पडून राहिलेल्या फिल्मला व्हिनेगरचा वास यायला लागतो, मग ती आकसते, मग वेटोळं होते, आणि एके दिवशी यंत्रावर चढायच्या लायकीची राहत नाही. ॲसिटेट फिल्मचं खरंच असं होतं. न दाखवलेलं जसंच्या तसं थांबून राहत नाही, हे तिला रसायनातून ठाऊक होतं. पुस्तकांना वास येत नाही, म्हणून आपण समजतो की ती थांबलेली आहेत.

याद्यांनी पुस्तकं घडतात, हे खरं तर फोटोबुकाच्या दुनियेला चांगलं माहीत आहे. मार्टिन पार आणि जेरी बॅजर यांचा फोटोबुकाचा इतिहास २००४, २००६ आणि २०१४ अशा तीन खंडांत आला. त्याआधी छायाचित्रणाचा इतिहास म्हणजे सुट्या चित्रांचा इतिहास होता. या खंडांनी पुस्तक हीच कलाकृती मानली आणि विस्मरणात गेलेली कितीतरी पुस्तकं वर काढली. संग्राहक ती शोधू लागले, किमती चढल्या, पुनर्मुद्रणं निघाली. फार मोलाचं काम होतं ते, मी स्वतः त्यावर वाढले आहे. तेव्हा कुणी म्हटलं का, की अशी यादी कशाला, चांगली पुस्तकं आपोआप वर येतीलच? यादी ही गरजेची गोष्ट आहे हे सगळ्यांनी तेव्हा मान्य केलं. मग स्त्रियांचं नाव आलं की तीच यादी एकदम पक्षपात कशी होते?

तिसरा मुद्दा आजचा आहे. आता कुणीही पुस्तक छापू शकतं, पन्नास प्रतीही निघतात, मग अडवणारा राहिलाय कोण? यात तथ्य आहे. आमची डमी शेवटी आम्हीच छापली, स्वतःच्या पैशाने, आणि हे वीस वर्षांपूर्वी आम्हाला जमलं नसतं. पण अ‍ॅटकिन्सही स्वतःच छापत होत्या! छापणं बायकांना कधीच अशक्य नव्हतं. अडचण पुढे सुरू होते: पुस्तक कोणत्या दुकानात उभं राहील, कोणतं ग्रंथालय ते नोंदवून घेईल, कोण त्यावर लिहील, प्रती संपल्या तर पुन्हा कोण काढेल. अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांच्या ‘द बॅलड ऑफ सेक्शुअल डिपेंडन्सी’चं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ते आधी पुस्तक नव्हतंच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून गोल्डिन न्यूयॉर्कच्या क्लबांमधून आपल्या स्लाइड प्रोजेक्टरवर दाखवायच्या, गाण्यांच्या साथीने, आणि समोर बसलेल्यांत चित्रातलीच माणसं असायची. वाढत वाढत स्लाइड सातशेच्या घरात गेल्या, क्रम दर खेळाला बदलत राहिला. १९८६मध्ये त्यातून पुस्तक निघालं, ते कितीतरी कमी चित्रांचं. आज ते पुस्तक नाही असा फोटोबुकांचा इतिहास कुणी लिहू शकत नाही. पण त्याच्या आधी कित्येक रात्री एक बाई अंधारात यंत्रापाशी बसून चित्र पुढे सरकवत होती, हे त्या पुस्तकाचंच पहिलं प्रकरण आहे. माझ्या मैत्रिणीने ते पुस्तक पाहिलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “स्लाइड अडकली की काय करायची ही?”

वेगळी प्रकाशनं का, नुसती यादी का पुरत नाही, याचं उत्तर बेरेनिस अ‍ॅबट यांच्या पुस्तकात मिळतं. बदलत्या न्यूयॉर्कची त्यांची छायाचित्रं १९३९मध्ये पुस्तकरूपात आली. मजकूर एलिझाबेथ मॅककॉसलंड यांचा. दोघींनी चित्र आणि शब्द एकमेकांना भिडतील अशी मांडणी योजली होती, शहर कुणाचं आणि ते कोण पाडतंय हे विचारणारी. प्रकाशकाला त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मार्गदर्शिका हवी होती. मजकूर कापला गेला, बदलला गेला. चित्रं राहिली, म्हणून अ‍ॅबट यांचं नावही राहिलं. पण दोघींनी मनात धरलेलं पुस्तक गेलं, आणि मॅककॉसलंड यांचा मूळ मजकूर वाचकांसमोर यायला २०२० साल उजाडावं लागलं. बाईचं पुस्तक छापलं, आता आणखी काय हवं, असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे: क्रम ठरवण्याचा हक्क हवा. छायाचित्रकार दयानिता सिंह यांनी तो हक्क किती पुढे नेला बघा. २००८च्या ‘सेंट अ लेटर’मध्ये सात चिमुकली पुस्तकं आहेत, घडीची, उलगडून टेबलावर उभी केली की त्यांचंच प्रदर्शन होतं. २०१७च्या ‘म्युझियम भवन’मध्ये एका पेटीत अशी अनेक संग्रहालयं, वाचकाने हवी तशी मांडायची. पुस्तक ही भिंतीवरच्या चित्रांची आठवण म्हणून काढलेली वस्तू नाही, पुस्तक हेच काम आहे, असं त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या. हे त्यांना करता आलं, कारण त्यांना पुस्तकाच्या आकारापासून शिलाईपर्यंत ऐकून घेणारा प्रकाशक मिळाला. असा प्रकाशक नशिबाने मिळावा लागतो ही परिस्थिती मला मान्य नाही.

एक आक्षेप मी पूर्ण मान्य करते. ‘स्त्री’ ही एक जात नव्हे. ज्या बाईकडे कॅमेरा, अंधारखोली, फावला वेळ आणि ओळखी होत्या तिचं पुस्तक झालं. बाकीच्यांची यादी कुठे करणार? अ‍ॅटकिन्स सधन होत्या, शास्त्रज्ञ वडिलांच्या घरात वाढलेल्या होत्या. स्त्रियांची यादी करताना आपण सुस्थितीतल्या, मोठ्या शहरांतल्या, मोठ्या भाषांतल्या स्त्रियांचीच यादी करत असतो, हा आरोप खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. एवढंच म्हणेन की याला उपाय यादी बंद करणं हा नाही, ‘पुस्तक’ या शब्दाची व्याख्या सैल करणं हा आहे. १८४३पासूनचा तो खंड करणाऱ्यांनी घरगुती अल्बम, चिकटवह्या, पत्रकं, न छापलेल्या डमी हे सगळं मोजायला घेतलं, आणि तसं करताच नावं वाढली. पुठ्ठाबांधणी, कण्यावर नाव, प्रकाशकाचा शिक्का, हे सगळं असेल तरच पुस्तक, ही व्याख्या तटस्थ दिसते. पण कण्यावर नाव घालायचे पैसे कुणाकडे होते हे तिने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आणि मग शेवटी विचारतात, हे किती दिवस? एकदा बायकांनी सिद्ध करून दाखवलं की यादी बंद करायची ना? सिद्ध करण्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधले प्रोजेक्शनिस्ट सैन्यात गेले, तेव्हा त्यांच्या जागी मोठ्या संख्येने बायका केबिनमध्ये आल्या. कार्बन आर्कचे दिवे, पेट घेणारी नायट्रेट फिल्म, वर बॉम्बहल्ले, अशात त्यांनी खेळ चालवले. यापेक्षा काय सिद्ध करायचं असतं? युद्ध संपलं, पुरुष परतले, आणि केबिन पुन्हा त्यांची झाली. माझ्या मैत्रिणीला कामाच्या पहिल्या वर्षी लोक विचारायचे, बाईला हे यंत्र झेपेल का? तिच्याआधी कितीतरी जणींना ते झेपलं होतं हे विचारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा तिलाही नव्हतं. म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सिद्ध केलं. प्रत्येक पिढीतल्या बाईला आपणच पहिल्या आहोत असं वाटावं, यात खर्ची पडतं ते तिचं बळ. किती दिवस, याचं माझं उत्तर असं आहे की डोक्यातली ती एकाच जागेची यादी जितके दिवस आहे तितके दिवस.

चित्रपटगृहं डिजिटल झाली तशी तिच्या केबिनमधली यंत्रंही निघाली. सिनेमा हार्ड डिस्कवर यायला लागला, ठिपके गेले, रिळं गेली. ती त्यानंतरही माझ्याकडे येत राहिली आणि माझ्या टेबलावरची प्रत्येक डमी उभ्याने दोनदा चाळत राहिली. तिने काढायला लावलेली चित्रं मोजली तर एक निराळं पुस्तक होईल. आमचं ते पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं होती. छायाचित्रं, मांडणी, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी. तिचं नाव नव्हतं. माझ्याच हातून राहिलं. राहिलं असंही म्हणवत नाही, कारण ते पान करताना ती मला आठवली होती, पण तिने केलेल्या कामाला माझ्याकडे शब्द नव्हता, आणि शब्द नाही म्हणून मी ओळच घातली नाही. अ‍ॅटकिन्स यांच्या आद्याक्षरांचा चुकीचा अर्थ लावणाऱ्या माणसावर मी इतक्या वर्षांत अनेकदा रागावले आहे.

आता त्या पुस्तकाच्या प्रती संपल्यात आणि दुसरी आवृत्ती निघते आहे. तिच्या वहीतलं एक पान, रीळ ४चं, आम्ही आतल्या कोऱ्या पानावर घेतलंय, तिच्या अक्षरात. शेवटच्या पानावर तिच्या नावाची ओळ आहे. छायाचित्रकार म्हणते, नावाआधी ‘क्रम’ लिहू. मला ‘चेंजओव्हर’ हवंय. पान सोमवारी छपाईला जायचं आहे.